एका थेंबात काश्मीर ते कन्याकुमारी

हिमसागर एक्स्प्रेस कन्याकुमारीहून सुटते आणि जम्मू-काश्मीरमध्ये वैष्णोदेवीच्या कटऱ्याला जाऊन थांबते. मधे पावणेचार हजार किलोमीटरहून थोडे जास्तच रूळ आहेत. आता पॉलिमर लॅटेक्सचा एक थेंब घ्या. दुधासारखा पांढरा, बोटाच्या टोकावर मावणारा, एकच थेंब. त्यातला कण न् कण सुटा करा आणि एकाला एक लावून रांगेत मांडत चला. रांग किती लांब होईल? ३,८२० किलोमीटर! हिमसागरचा अख्खा मार्ग भरला आणि वर काही कण उरलेसुद्धा.

दम लागला ना? अजून तर गाडी फलाटावरून हललेलीही नाही.

आधी हिशेब कशावर उभा आहे ते सांगतो, म्हणजे कुणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावा. थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. कणाचा व्यास १०० नॅनोमीटर. लॅटेक्सच्या एकूण घनफळात ४० टक्के कण, बाकी पाणी. बस्स, हे तीन आकडे. ज्या पद्धतीनं हे कण बनतात तिला मिनिइमल्शन म्हणतात. पाण्यात तेलकट मोनोमरचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचे, ५० ते ५०० नॅनोमीटरचे थेंबुटे करायचे आणि प्रत्येक थेंबुट्याचा जागच्या जागी प्लॅस्टिकचा घट्ट कण बनवायचा. कण होताना थेंबुटा किंचित आक्रसतो, तेवढं आपण सोडून देऊ. १०० नॅनोमीटर हा आकडा ओढूनताणून घेतलेला नाही, प्रयोगशाळेत तो रोज गाठतात. करोनाचा विषाणू साधारण तेवढाच असतो.

पण १०० नॅनोमीटर म्हणजे नेमकं किती लहान? चला, सगळं जग एक लाखपट मोठं करू. आपला कण आता एक सेंटिमीटरचा झाला, मुलांच्या खेळातल्या लहान गोटीएवढा. तुमच्या डोक्यावरचा एक केस त्याच प्रमाणात फुगवला तर त्याची जाडी होते सात मीटर. गावाकडच्या मोठ्या विहिरीचा व्यास डोळ्यांपुढे आणा, तेवढी त्या केसाची रुंदी! आणि पाच फूट उंचीची एक बाई त्याच प्रमाणात वाढवून आडवी झोपवली, तर तिचं डोकं मुंबईत आणि पाय पुण्यात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, आणि त्या अंगावर कुठेतरी ठेवलेली एक गोटी. तो आपला कण.

आता मोजू. एका थेंबात असे कण किती? ३८ लाख कोटी. प्रत्येक कणाला एक रुपया लावा. २०२२-२३ सालचा भारताचा केंद्रीय अर्थसंकल्प ३९.४५ लाख कोटी रुपयांचा होता. सैन्य, रेल्वे, रस्ते, पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज, सगळं त्यात आलं. तो जवळजवळ पुरता एका थेंबात मावला! जगातल्या आठशे कोटींहून अधिक माणसांना तो थेंब वाटायला बसलात तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या ओंजळीत साडेचार हजारांवर कण पडतील.

एक मिलिलिटर घेतलं तर आकडा जातो साडेसात कोटी कोटींच्या वर. कोटी गुणिले कोटी, आणि त्याचे साडेसात. हे मोजायला बसा. सेकंदाला एक कण, झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. एका मिलिलिटरला २ कोटी ४० लाख वर्षं लागतील. सह्याद्रीचे काळे कडे ज्या लाव्ह्याचे बनले तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्या दिवशी पहिला कण मोजला असता, तर डायनासोर गेले, हिमालय उभा राहिला, माणूस आला, आणि आजच्या तारखेला आपण चहाच्या चमच्याच्या अर्ध्यापुढे जेमतेम सरकलो असतो.

आणि ती रांग! थेंबाची रांग कटऱ्याला पोहोचली. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर लॅटेक्स घेतलं तर ती होते ३ लाख ८२ हजार किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. चमचाभरात चंद्र! दोन लिटर घ्या, रांग १५ कोटी २८ लाख किलोमीटर. पृथ्वी ते सूर्य १५ कोटी किलोमीटर. दोन लिटरमध्ये सूर्य गाठला आणि २८ लाख किलोमीटरची रांग हातात उरली. हे आकडे इतके नेमके जुळतात की मला ते पाहून अजूनही हर्षवायू होतो.

एवढं बारीक कुटायचं कसं? दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे उच्च दाबाचं होमोजिनायझर यंत्र. फ्रान्सच्या ऑगुस्त गोलँनं १८९९ मध्ये दुधासाठी त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही डेअरीत दुधावर साय जमू नये म्हणून त्याच कुळातलं यंत्र चालतं. मिनिइमल्शनसाठी दाब चढवतात ५०० बार, कधी त्याहूनही जास्त. विहिरीत दर दहा मीटर खाली गेलं की एक बार दाब वाढतो. म्हणजे ५०० बारसाठी विहीर हवी पाच किलोमीटर खोल! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. असे तीन कळसूबाई एकावर एक रचून त्या विहिरीत सोडले तरी शेंडा काठाच्या वर येणार नाही. त्या तळाच्या दाबानं द्रव एका चिंचोळ्या फटीतून सुटतो आणि फुटतो.

दुसरी वाट आवाजाची. द्रवात धातूची दांडी बुडवायची आणि ती सेकंदाला २०,००० वेळा थरथरवायची. पाच मिनिटांत ६० लाख थरथराट. द्रवात क्षणभर जगणारे बुडबुडे होतात, आणि ते मिटताना त्यांच्या पोटातलं तापमान सुमारे ५,००० केल्विनपर्यंत चढतं, असं मोजमापांवरून सांगतात. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपासचं तापमान! आणि बाहेर काचेचं पात्र नुसतं कोमट.

इथे एक आकडा मला फार आवडतो. ५०० बारनं एक लिटर द्रव एकदा रेटायला ५०,००० ज्यूल ऊर्जा लागते. आणि थेंबुट्यांचा सगळा नवा पृष्ठभाग तयार करायला प्रत्यक्षात किती पुरायला हवी? जेमतेम २४० ज्यूल. दोनशेतला एक भाग कामी आला, बाकी सगळी उष्णता होऊन गेली. द्रव बारा अंशांनी तापला तो त्यामुळेच. म्हणजे ज्यानं निव्वळ अर्धा टक्का कामी लावून दाखवला तो यंत्रज्ञ इथे अर्धी लढाई जिंकला.

थेंबुटे झाले. आता ते टिकवायचे, आणि खरी करामत इथे आहे. एवढ्या लहान थेंबुट्याच्या पोटात बाहेरच्यापेक्षा दोन ते चार बार जास्त दाब असतो, वीस ते चाळीस मीटर खोल विहिरीच्या तळाशी असावा तेवढा. हा दाब मोनोमरला बाहेर ढकलतो. लहान थेंबुटा झिजतो, मोठा त्याच्या जिवावर फुगतो. नुसतं सोडून दिलं तर थोड्याच वेळात सगळी मेहनत पाण्यात.

उपाय सापडला तो १९७३ मध्ये. नॉर्वेचे जॉन उगेलस्टाड आणि अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे मोहम्मद एल-आसर व जॉन व्हॅन्डरहॉफ या तिघांनी त्या वर्षी दाखवून दिलं की थेंबुटे पुरेसे बारीक आणि टिकाऊ केले तर पॉलिमर थेट त्यांच्याच पोटात बनतो. टिकवायला लागतो मोनोमरमध्ये विरघळणारा पण पाण्याला अजिबात न शिवणारा एखादा पदार्थ. हेक्साडेकेन हा त्यातला सगळ्यांचा लाडका. डिझेलचा दर्जा ज्या सिटेन अंकानं सांगतात तो सिटेन म्हणजे हाच. तो बाहेर पडू शकत नाही, म्हणून मोनोमरलाही फार दूर जाऊ देत नाही. का, ते रसायनशास्त्रज्ञांवर सोपवू, आपण प्रमाण पाहू. मोनोमरच्या वजनाच्या चार टक्के पुरतो. एक लिटर लॅटेक्सला चार चमच्यांहून कमी! एका थेंबुट्यात हेक्साडेकेनचे सुमारे ५० हजार रेणू येतात, आणि ते सांभाळतात स्टायरीन या मोनोमरच्या २७ लाख रेणूंना. काही मिनिटांत विस्कटणारा संसार त्यामुळे आठवडे, महिने टिकतो.

आणि टिकतो तोही केवढ्या गर्दीत! हिशेब केला तर शेजारच्या दोन थेंबुट्यांत मोकळी जागा उरते अवघी दहा नॅनोमीटर, त्यांच्या स्वतःच्या रुंदीचा दहावा भाग. खांद्याला अर्धा मीटर रुंद माणसांची गर्दी धरा, तर दोन माणसांत पाच सेंटिमीटर. दादरला सकाळी नऊला उभं राहिलेल्या कुणालाही हे अंतर समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे ही गर्दी पुढेमागेच नाही तर वरखालीही आहे, आणि प्रत्येक थेंबुटा दर सेकंदाला आपल्या रुंदीच्या तीसपट भटकण्याइतका उतावीळ आहे. तरी एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर साबणाच्या वीस-तीस हजार रेणूंचा पहारा असतो.

तळाला बसतील म्हणाल तर तेही नाही. पॉलिस्टायरीनचा १०० नॅनोमीटरचा कण पाण्यात बुडायला निघाला तर वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर खाली जातो. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो. हिमालयाला रेटणारी आपली जमीन या कणापेक्षा पाचपट वेगानं धावतेय!

आता थेंबुट्याच्या आत डोकावू. २७ लाख रेणू, म्हणजे २७ लाख सुटे डबे. एक इंजिन, म्हणजे एक मुक्तमूलक, आत शिरतं आणि डब्याला डबा जोडू लागतं. सेकंदाला दोन-तीन हजार डबे! भारतीय रेल्वेनं १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुपर वासुकी नावाची मालगाडी चालवली होती. २९५ डबे, साडेतीन किलोमीटर लांब, सहा इंजिनं. अख्ख्या देशानं तोंडात बोट घातलं. आपल्या थेंबुट्यात एकच इंजिन तेवढे डबे सेकंदाच्या सातव्या-दहाव्या भागात जोडतं. दहा हजार डब्यांची गाडी तीन ते पाच सेकंदांत तयार. खऱ्या प्रवासी डब्यांची अशी गाडी केली तर ती २४० किलोमीटर लांब होईल. इंजिन मुंबईच्या सीएसएमटीला, शेवटचा डबा पुणं ओलांडून दौंडच्या वाटेवर! एका थेंबुट्यात अशा सुमारे २७० गाड्या लागतात. एका थेंबात शंभर कोटी कोटी गाड्या. दोन इंजिनं समोरासमोर आली की दोन्ही बंद पडतात, म्हणून प्रत्येक थेंबुट्याच्या भिंती फार मोलाच्या. बहुतेक वेळा आत फार तर एकच इंजिन असतं आणि ते निवांत डबे जोडत राहतं.

नेहमीच्या इमल्शन पद्धतीत मोनोमरचे मोठे थेंब म्हणजे नुसती गोदामं. माल तिथून पाण्यातून प्रवास करत कारखान्यात जातो. मिनिइमल्शनमध्ये गोदाम हाच कारखाना. प्रवासच नाही! म्हणून ज्याला पाण्यातून जाता येत नाही असा मालही आधीच आत भरता येतो. अल्किड राळ आत घालून अॅक्रिलिकशी बांधतात आणि पाण्यावर चालणारे रंग, लेप करतात. पॉलियुरेथेन घालतात. रंगद्रव्य घालतात. लोहचुंबकी मॅग्नेटाइटची बारीक पूड घालतात, म्हणजे कण चुंबकानं ओढता येतो. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक पॉलिमर संशोधन संस्थेत काथारिना लँडफेस्टर यांनी तर थेंबुट्यांना कवच देऊन पोटात औषध ठेवायच्या कुप्या घडवण्यावर मोठं काम केलं आहे. एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी कोटी कुप्या!

व्हॅन्डरहॉफ यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, जरी ती मिनिइमल्शनची नाही. त्यांना हवे होते एकसारखे, दहा मायक्रोमीटरचे लॅटेक्स मणी. पृथ्वीवर एवढे मोठे मणी वाढता वाढता तरंगतात नाही तर तळाला जातात. म्हणून ते १९८० च्या दशकात स्पेस शटलमध्ये बनवले, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेनं सूक्ष्मदर्शक यंत्रं तपासण्यासाठी विकायला काढले. अवकाशात बनून पृथ्वीवर विकली गेलेली ती पहिली वस्तू. त्या एका मण्यात आपले थेंबुटे किती मावतील? दहा लाख. आणि उगेलस्टाड यांनी तसे एकसारखे मणी जमिनीवरच बनवून दाखवले. त्यांच्यापासून निघालेले चुंबकी मणी आज जगभरच्या प्रयोगशाळा पेशी वेगळ्या करायला वापरतात.

आता मला सर्वांत थक्क करणारा आकडा. पृष्ठभाग. एक लिटर लॅटेक्समधल्या सगळ्या थेंबुट्यांची कातडी सोलून सपाट अंथरली तर किती जागा लागेल? २४,००० चौरस मीटर. सहा एकर! शेतकऱ्याला विचारा सहा एकर म्हणजे काय. ते एका लिटरात उभं आहे. रंगाची २० लिटरची बादली भरून घेतली तर जवळपास १२० एकर, चार शिवाजी पार्क आणि वर थोडं. उन्हाळ्यात गावोगाव पाणी पुरवतो तसा दहा हजार लिटरचा टँकर भरला तर २४० चौरस किलोमीटर. असे साडेपंधरा टँकर रस्त्याकडेला ओळीनं उभे करा, त्यांनी अख्खा गोवा झाकला. पणजी, मडगाव, म्हापसा, सत्तरीचं जंगल, सगळा! आणि महाराष्ट्र? ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. १,२८२ टँकर. ते सगळे ओतले तर ऑलिंपिकच्या मापाचे पोहण्याचे पाच तलाव भरतात. पाच तलावांत महाराष्ट्राएवढी कातडी! आणि ती सांभाळायला हेक्साडेकेन लागेल फक्त २४ टँकर.

थांबा, अजून एक पायरी आहे. रांगेत आपण कण ठेवले होते. आता कण उकलू. आतल्या त्या गाड्या, त्या पॉलिमरच्या साखळ्या, ताणून सरळ करू. प्रत्येक स्टायरीनचा डबा पाव नॅनोमीटर लांबीचा. एका कणात साखळी निघते सुमारे ०.७ मिलिमीटर, कणाच्या रुंदीच्या जवळपास सात हजारपट, डोळ्यांना दिसेल एवढी! एका मिलिलिटरमधली साखळी ५२ कोटी किलोमीटर, सूर्याच्या अंतराच्या साडेतीनपट. वीस लिटरच्या एका बादलीतली साखळी दहा लाख कोटी किलोमीटरच्याही पुढे जाते. प्रकाश वर्षभर धावून जेवढं अंतर कापतो त्याहून जास्त! कोणत्याही पॉलिस्टायरीनच्या तेवढ्याच वजनाला हे लागू आहे, पण इथे ती सगळी साखळी विषाणूएवढ्या खोल्यांत गुंडाळून ठेवली आहे. आता चार बादल्या घ्या. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. आज निघालेला प्रकाश तिथे पोहोचायला चार वर्षं आणि तीन महिने लागतात. चार बादल्यांमधली साखळी तिथपर्यंत पुरते!

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे. हा हिशेब अकरावीच्या फळ्यावर मांडा. पृष्ठफळाला सूत्र एकच लागतं: एकूण पृष्ठफळ म्हणजे सहा गुणिले घनफळ, भागिले व्यास. मुलांना व्यास निम्मा करायला सांगा. पृष्ठफळ दुप्पट होईल, रांग चौपट होईल, कणांची संख्या आठपट होईल, आणि सूर्य दोन लिटरऐवजी अर्ध्या लिटरात गाठता येईल.